कासूहून डबलसीट

कासू स्टेशनाबाहेरच्या चिंचेखाली तेव्हा तीस-चाळीस सायकली उभ्या असायच्या. खाडीकडच्या गावांतले आम्ही सकाळी तिथे सायकल लावायचो, रोह्याची गाडी पकडून कंपनीत जायचो आणि संध्याकाळी त्याच सायकलीवरून घरी. माझी आणि काळुरामची सायकल एकच. सकाळी तो मारायचा, मी कॅरिअरवर, संध्याकाळी उलट. संध्याकाळी खाडीचा वारा समोरून येतो, म्हणजे घाम माझा आणि हा मागे बसून गाणी म्हणणार. मनात धुसफुस असायची.

त्र्याण्णवची सर्वपित्री अमावस्या होती. काळुरामचा पाय कंपनीत भाजलेला, तो शेवटच्या डब्यातून लंगडत उतरला. मी कुलूप काढलं आणि टांग मारली.

"जन्या, थांब रे!"

मला ऐकू आलं. खोटं कशाला सांगू, स्वच्छ ऐकू आलं. म्हटलं, एक दिवस येऊ दे चालत.

गावात शिरलो तर त्याची बायको मैना कुडापाशी उभी. तिने काही विचारायच्या आतच मी म्हणालो, "काळुराम आज गाडीला नव्हता, वहिनी."

लंगड्याला टाकून आलो हे सांगायची लाज वाटली, दुसरं काही नाही. त्या एका वाक्यामुळे सगळे त्याला रोह्यात शोधत राहिले. तो जवळची वाट म्हणून खाडीच्या बांधावरून निघाला होता आणि उधाणाने बांध फुटला होता. तिसऱ्या दिवशी बांध फुटून पडलेल्या खांडीच्या चिखलात सापडला. तिवराची फांदी दोन्ही हातांनी धरलेली. रात्रभर तरी जीव होता, असं लोक म्हणाले.

तेव्हापासून गाडी पेणकडे निघून गेली, रूळ थरथरायचे थांबले, की फलाटाच्या त्या टोकाकडून तीच हाक येते. चिखलाचा खारट वास येतो. पाच वर्षं मी थांबलेलो नाही.

गेल्या सोमवारी मात्र सहन होईना. काळोख पडता पडता सायकल हातात धरून मैनाच्या दारात गेलो आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

तिने सायकलच्या कॅरिअरकडे बघितलं.

"म्हंजे… माजे डोळे खोटे नव्हते."

"काय बघितलंत वहिनी?"

"त्या सांजंला तुमी आलात… तवा ह्ये तुमच्या मागंच बसलेले. कमरेपरत भिजलेले. आन तुमी म्हणालात, गाडीला नव्हता. परत बघते तर कोण नाय. मी म्हटलं, मलाच भास झाला… खरं बोलला असतात तर मी बांधावर धावले असते, जनूभाऊ."

मला तिच्याकडे बघवेना. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ती आत गेली. पाय धुवायला पाण्याचे दोन तांबे आणून तिने पायरीवर ठेवले.

"एक तुमाला," ती हळूच म्हणाली. "एक ह्यांना. आज तरी… नाय म्हणू नका."

मी हँडल धरून तसाच उभा राहिलो. सायकल स्टँडवर लावायची तर मागे वळावं लागलं असतं.