चौकातल्या पोलिसाची मिशी

सत्यशीला त्या दिवशी घाईत होती, एवढाच तिचा गुन्हा. भिलाईच्या सेक्टर ६ च्या चौकात पोलिसाचा हात वर असतानाच तिने सायकल दामटली, आणि एक मोटार करकचून ब्रेक मारत तिच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. मागच्या सायकलवर मैत्रीण मोना होती. तिने तर डोळेच मिटले.

पोलीस आला. आता काही खरं नाही! पण कसलं काय... त्याने तिचं हँडल सरळ करून दिलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मैं रोज सायकलवालों को सबसे पहले छोडता हूँ. दो मिनट मेरे लिए भी रुक जाइए."

खरंच होतं ते. स्टील प्लांटची जनरल शिफ्ट भरायच्या वेळी तो गाड्या अडवून आधी सायकली सोडायचा. तिथल्या लॅबमध्ये तिला नोकरी लागून वर्ष झालं, पण तिने कधी पाहिलंच नव्हतं! दुसऱ्या दिवसापासून ती रेषेच्या मागे थांबू लागली. आणि थांबलं की बघणं आलंच.

"काय वं मोने, केवढाले कान हायेत याचे!"

"हळू बोल ना!"

"मराठीत बोलून राहिलो आपण. याले काय समजते?"

भिलाईत मराठी ही घरातली भाषा. रस्त्यावर सगळे हिंदीच बोलतात, त्यामुळे चारचौघांत मराठी बोललं तरी दार लावून बोलल्यासारखं वाटतं. सत्यशीला महिनाभर बिनधास्त सुटली होती. "मिशी काढली तं बरा दिसन," एका मंगळवारी ती म्हणाली.

बुधवारी मिशी गायब!

"माय वं!" मोना सायकलवरून पडता पडता वाचली.

योगायोग असेल... असेलच. पण सत्यशीलेला चैन पडेना. "एवढ्या उन्हात गॉगल कावून नाही लावत हा?" तिने मुद्दाम विचारलं.

गुरुवारी गॉगल. आणि त्याखाली हसू दाबणारे ओठ... लबाड! काय काय बोलून बसली होती ती! लग्न झालं असन का याचं, हेसुद्धा!

शुक्रवारी चौकातला नत्थू होमगार्ड त्या पोलिसाबद्दल चहावाल्याला सांगत होता, "रोशन सर का ट्रान्सफर हो गया. सोमवार से जगदलपुर. कल आखरी दिन." सत्यशीलेला एकदम रडूच आलं, आणि आपल्याला रडू का यावं, याचं नवलही वाटलं.

शनिवारी मोना मुद्दामच आली नाही. "आता तूच बोल," फोनवर म्हणाली.

सायकली सुटल्या, सगळ्या निघून गेल्या. एक तेवढी उभी राहिली.

रोशन जवळ आला. "मॅडम, निकलिए. लेट हो जाएगा."

"होऊ द्या," ती मराठीत म्हणाली. "तुमाले पहिल्या दिवसापासून समजत होतं ना सगळं?"

त्याचे कान लालबुंद झाले. "आमचं घर इथंच रिसालीत हाय. आई घरात मराठीच बोलते."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी बोलणंच बंद केलं असतं. मले तुमचं बोलणं..." तो अडखळला. "आन् लग्न नाही झालं माझं. ते सांगायचं राहून गेलं."

मागे हॉर्न वाजू लागले होते. सत्यशीलेने हँडल घट्ट धरलं.

"मले आवडता तुमी. जगदलपूरले जा, नाही तं कुठंही जा. पण उद्या आईले घेऊन आमच्या घरी या... पोरगी पाहाले येतात ना, तसे."

गाड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली होती, आणि ती सोडायची ज्याने, तो तळहातावर तिच्या क्वार्टरचा नंबर लिहून घेत होता.