एकेरी लाईनीवरची ओढणी

सुलतानबीला लग्नानंतर बारा वर्षांनी पहिलं मूल झालं, ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. बाळंतिणीच्या हाताखाली कुणीतरी हवं म्हणून कवठे येमाईहून तिच्या बहिणीची पोरगी नूरबी आली. शिरूरला एसटी बदलून, न्हावऱ्यावरून, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा सांभाळत ती दौंडला उतरली. सुलतानबीचा नवरा बाबुलाल, म्हणजे नूरबीचा खालू, रेल्वेत गेटवाला होता. भीमेच्या पुलाच्या अलीकडं, मनमाडला जाणाऱ्या एकेरी लाईनीवर त्याचं फाटक होतं, आणि फाटकाला लागूनच एका खोलीचं घर.

नूरबीने तोवर रेल्वे पाहिलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याचा हंडा घेऊन रुळांच्या मधून चालली होती, तोच मागून आवाज आला.

“ओ बाई! लाईन सोडा, लाईन!”

काय सोडायचं ते तिला कळेना. हातात होता तो हंडा, तो तिने सोडला... रुळाशेजारीच ठेवला. खाकी सदऱ्यातला एक उंच पोरगा धावत आला, एका हाताने हंडा आणि दुसऱ्याने तिचं मनगट धरून बाजूला झाला. मालगाडी धडधडत निघून गेली. अर्धा हंडा त्याच्या अंगावर सांडला होता.

“सोडा म्हणलात,” नूरबी कशीबशी म्हणाली, “म्हणून सोडला.”

पोरगा आधी रागाने बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की तिचं मनगट अजून आपल्या हातात आहे. त्याने ते चटका बसल्यासारखं सोडलं.

त्याचं नाव इलाही. तो चावीवाला होता. रुळाला जागेवर धरून ठेवणारी जी लोखंडी पाचर असते तिला चावी म्हणतात. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि बगलेत झेंडा घेऊन तो रोज आपल्या वाट्याची लाईन पायी तपासायचा, सैल झालेल्या चाव्या ठोकायचा, आणि परत येताना बाबुलालच्या फाटकावर पाणी प्यायचा. त्या दिवसापासून फाटकाजवळच्या चाव्या जरा जास्तच सैल होऊ लागल्या. हातोडा दोनदा उगीच वाजायचा, आणि घरात नूरबी तांब्या शोधायची.

“तुमच्या दौंडात सगळ्याला येकच शब्द हाय का वो?” एकदा तिने दाराआडून विचारलं. “खाला म्हणती, तुम्ही चाळीत राहता, ती बी लाईन. खालू म्हणत्यात, लाईनवर गेलाय. रेशनला गेले तर तितला माणूस वराडला, लाईनीत उभी ऱ्हा. काल शेजारीण म्हणाली, बत्तीची लाईन येणार हाय. आन् तिचा पोरगा वर्कशॉपात चिकटला, तर म्हणं तो लाईनीला लागला!”

“मग तुमच्यात काय म्हणत्यात?”

“आमच्यात ज्याला त्याला आपलं नाव हाय. नांगराच्या रेघंला तास, गाडीच्या खुणंला चाकोरी, माणसांची रांग.”

“आन् ह्या लोखंडाला?”

नूरबीने रुळांकडं पाहिलं. पुलापर्यंत ते सरळ गेलेले होते.

“वाट,” ती म्हणाली. “पर लई हट्टी वाट. कुणासाठी वळत न्हाई.”

इलाही हसला नाही. “मी बी तसलाच,” म्हणाला, आणि तांब्या खाली ठेवून गेला. तांब्यात पाणी तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला कमरेच्या पिशवीतले फटाके दाखवले. चपटे, पत्र्याचे. रूळ तुटला दिसला की ते लांबवर रुळाला बांधायचे. इंजिन वर आलं की बार उडतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो.

“आन् तुम्ही पळून जायचं?”

“न्हाई. ज्यानं लाईन बंद केली, त्यानं रूळ बदलणारी गँग येईस्तवर तितनं हलायचं न्हाई. कायदाच हाय.”

“कुणी बोलावलं तरी?”

“कुणी बी...” तो थांबला. “तू बोलावलंस तरी.”

तिला ते लागलंही, आणि आवडलंही.

बाळंतिणीचे चाळीस दिवस झाले, चिल्ल्याचा दिवस ठरला, आणि नूरबीचा बाप सिद्दीक कवठ्याहून आला. तो नालबंद होता. बाजाराच्या गावी जाऊन बैलांना पत्र्या ठोकायचा. शिरूरच्या एका दुकानदाराने पोरासाठी नूरबीला मागणी घातली होती. सुलतानबीने धीर करून इलाहीचा विषय काढला.

“लाईनवरची माणसं,” सिद्दीक म्हणाला. “आज हितं, उद्या मनमाडला. आई न्हाई, बाप न्हाई. पर तू म्हणतीस तर बघतो. जुम्म्याची नमाज झाली की त्याला म्हणावं, ये. न्हाई आला तर चारच्या एसटीनं पोरीला घिऊन जातो आन् शिरूरकरांना शब्द देतो.”

शुक्रवार उजाडला तो कडाक्याच्या थंडीचा. सकाळी इलाही फाटकावरून गेला तेव्हा त्याच्या काखोटीला एक बोचकं होतं. पाण्याला न थांबता हळूच म्हणाला, “दुपारी येतो.”

दुपार झाली. पुलाकडून धडाम् धडाम् असे बार ऐकू आले, मग सगळं शांत झालं. नमाज उरकून सिद्दीक खाटेवर येऊन बसला. शिरखुर्मा निवला, त्यावर साय धरली. इलाही आला नाही.

“गेला ह्याचा शब्द गाडीसंगं,” सिद्दीक उठला. “नूर, पिशवी भर.”

नूरबी जागची हलली नाही. “अब्बा... ते बार ऐकलेत न्हवं? लाईनवरचे फटाके होते. ज्यानं लावले त्याला तितनं हलता येत न्हाई.”

“तुला कुणी सांगितलं?”

तिने मान खाली घातली. “त्यांनीच.”

बाबुलाल म्हणाला, “पुलाकडं कायतरी झालंय खरं. मला गेट सोडता येत न्हाई.”

“तुम्ही चला, अब्बा,” नूरबी म्हणाली. “तितं दुसरा कुणी असला, तर मी गप तुमच्यासंगं एसटीत बसते. परत नाव काढणार न्हाई.”

बापलेक रुळाच्या कडेने चालू लागले. बरंच अंतर गेल्यावर लाईनीच्या मधोमध बाभळीची एक फांदी रोवलेली दिसली. फांदीला लाल ओढणी बांधली होती. नवी कोरी, जरीच्या काठाची. पुढं तुटल्या रुळापाशी इलाही उभा होता. पलीकडं, पुलाच्या तोंडाशी मालगाडी थांबली होती, आणि तिच्यासमोर त्याचा लाल झेंडा रोवलेला होता. तहानेने त्याचे ओठ सुकले होते.

सिद्दीकने खाली बसून रुळावरच्या तड्यावरून बोट फिरवलं. “कसं कळलं?”

“हातोड्याचा आवाज बसका आला, मामू.”

सिद्दीकने मान हलवली. चिरलेलं लोखंड कसं बोलतं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. “आन् ती ओढणी?”

“लाईन येकेरी... दोन्हीकडनं गाड्या. दुसरा झेंडा कालच फाटला. बोचक्यात हीच लाल होती.” त्याने नूरबीकडं पाहिलं नाही. “मागणीला आणलेली.”

“मग काढ आन् दे माझ्या हातात. चारच्या आत बोलणं उरकू.”

इलाहीने एकदा फाटकाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

“न्हाई, मामू,” तो म्हणाला. “गँग आल्याबिगर काढता यायची न्हाई. तुम्हाला एसटी गाठायची असंल... तर गाठा.”

मग सिद्दीकने डोक्याचा रुमाल सोडला, खडीवर अंथरला आणि त्यावर बसला.

“नूर,” तो म्हणाला, “पाणी आण त्याला.”

गँग आली, नवा रूळ बसला, मालगाडी पुढं गेली, तेव्हा दिवस कलला होता आणि चारची एसटी कधीच गेली होती. सिद्दीकने स्वतः फांदीवरून ओढणी सोडली, धूळ झटकली आणि पोरीच्या डोक्यावर घातली. शिरूरकरांना त्याने निरोप धाडला : पोरगी दौंडला दिली, लाईनीत.

लाईनीतल्या इलाहीच्या घरात दोघांनी आठ वर्षं संसार केला. ओढणीला बाभळीच्या काट्याचं एक भोक पडलं होतं. नूरबीने ते कधी रफू केलं नाही.

सिद्दीक चौसष्टच्या उन्हाळ्यात कवठ्याला वारला. इलाही सहासष्टच्या डिसेंबरात, न्यूमोनियाने, दौंडला घरीच वारला. नूरबी उशाशी होती.