पाहिलंत की वाटलं?

कोर्टाच्या पॅसेजमध्ये पाऊल टाकलं तोच एक बाई म्हणाल्या, "आलात एकदाचे? दोन दिवस हा रेडिएटर खडखडतोय."

चाळीस वर्षं मी नळकाम केलंय. गुडघ्यावर बसलो, खोली गरम ठेवणाऱ्या त्या नळ्यांत अडकलेली हवा पान्याने सोडली. आवाज थांबला. मग म्हणालो, "मी खरं तर शपथ घ्यायला आलोय. मुलांसाठी काम करायचं ते..."

"अगंबाई. आणि शपथेला येताना खिशात पाना?"

"बायको, लोरेन, वारल्यापासून घरात बसवत नाही. जाईन तिथे काहीतरी दुरुस्त करत असतो."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची पुढे केली. नाव व्हर्ना. आम्हा स्वयंसेवकांचं काम त्या बघत. घरी आबाळ झालेल्या एका मुलाला भेटत राहायचं आणि त्याचं भलं कशात आहे ते जजला लिहून द्यायचं, एवढंच काम.

माझ्या वाट्याला सात वर्षांची टेस आली. आई तिला दोन-दोन दिवस उपाशी, एकटीला टाकून जायची. आता ती कोर्टाने ठरवलेल्या कुटुंबात होती. मावशी तिला न्यायला तयार होती, पण मावशीचं घर दोन खोल्यांचं.

मी लिहिलं, 'टेस मावशीकडे खूश राहील.'

व्हर्नाने कानामागची पेन्सिल काढली. "ऑरिन, हे पाहिलंत की वाटलं?"

"वाटलं."

"मग खोडा. कुणाला काय वाटतं त्यावर जज मूल देत नाहीत."

"नवऱ्यालाही असंच छळायचात?"

"त्याला जास्त. ओमाहाला पळाला तो."

दर गुरुवारी हेच. बाकावर दोन कॉफ्या, मध्ये माझा रिपोर्ट. माझा पाय हलत राहायचा. त्या माझ्या गुडघ्यावर फाईल ठेवायच्या... "थांबवा. बाक हलतोय."

सुनावणी फेब्रुवारीत झाली. बाहेर वाऱ्याने खिडक्या थरथरत होत्या. जजनी माझ्या रिपोर्टातलं मोठ्याने वाचलं - 'त्या कुटुंबात टेसच्या उशीच्या खोळीत चार वेळा पावाचे तुकडे सापडले. मावशीकडच्या तिन्ही मुक्कामांत तिने अर्धा टोस्ट ताटात सोडला आणि खेळायला गेली. तिथली खोळ रिकामी होती.'

जजनी तो कागद फाईलला लावला. मग त्यांनी टेसला मावशीच्या ताब्यात दिलं.

जाताना टेसने हात हलवला. केस संपली की आम्ही मुलाला भेटायचं नसतं. मी पॅसेजमध्ये फेऱ्या मारू लागलो. आता गुरुवारी कुठे जायचं?

"दुसरी केस घ्याल?" मागून व्हर्ना आल्या.

"घेईन. आधी... हा एक रिपोर्ट तपासा."

आम्ही बाकावर बसलो. आठवडाभर खिशात ठेवून कागद चुरगळला होता. त्यांनी वाचलं:

'व्हर्ना दर गुरुवारी दोन कॉफ्या आणतात. माझ्या कपात साखर नसते, मी तसं कधी सांगितलं नव्हतं. लोरेन गेल्यावर मी दाढी करणं सोडलं होतं. आता बुधवारी संध्याकाळी करतो. मला व्हर्ना आवडतात, असं वाटतं.'

माझा पाय हलायला लागला. या वेळी त्यांनी गुडघ्यावर फाईल ठेवली नाही. हात ठेवला.

दुसऱ्या हाताने पेन्सिल काढली, शेवटचे दोन शब्द खोडले आणि कागद मला परत दिला.