दहा ग्रॅम चुनखडी

विघटन शिकवताना माझा एकच हट्ट असतो: समीकरण घोकू नका, तोलून बघा. दहा ग्रॅम चुनखडी पूर्ण तापली की ५.६ ग्रॅम चुना उरतो, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो. आमच्या तासगावच्या बर्नरवर आठ उरला तरी मी खूश.

अकरावीतल्या सुंदरीचा दहाच उरला. तीनदा.

मी काटा बदलला. पुन्हा दहा! नळीतून आलेल्या वायूनं चुन्याची निवळी मात्र पांढरीफेक झालेली. म्हणजे वायू गेला आणि वजन गेलं नाही. माझं डोकंच फिरलं.

"खडा कुठला गं?"

"आमच्या भट्टीतला."

द्राक्षबागांना फवारणीचा चुना पुरवणारी ती भट्टी पाच वर्षं बंद होती. सुंदरीचे वडील, धरणेंद्र अण्णा, नाहीसे झाले त्या दिवसापासून. बाईच्या नादानं साताऱ्याला पळाले, असं गाव म्हणतं. येत्या सोमवारी तिचा काका गोमटेश भट्टी पुन्हा पेटवणार होता.

"अण्णा पळालं न्हाईत, बाई," सुंदरी म्हणाली. "भट्टीत काय काय गेलं, त्या समीकरणात डावीकडं एक जण लिवायचा ऱ्हायलाय."

"वेडी आहेस का? ५.६ लिही आणि मार्क घे!"

"मग तोलाय कशाला सांगितलंसा?"

खरं सांगते, लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गोमटेश स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आला. "आवं बाई, पोरीच्या वहीतला आकडा तेवढा सुधरा की. एका आकड्यानं काय हुतंय?"

"काही होत नसेल तर तुम्ही कशाला आलात?" म्हटलं. तो घाम पुसत गेला.

तो गेल्यावर सुंदरीला शेजारी उभी करून मी स्वतः खडा तापवला. दहा ग्रॅम. बर्नर विझवायच्या आधी नळी निवळीतून काढायची, नाहीतर गार होताना निवळी नळीत उलटी चढते, हे मी बावीस वर्षं ओरडून सांगते. त्या दिवशी मीच विसरले.

निवळी चढली नाही.

बर्नर विझला होता. बुडबुडे येतच होते.

दोन. थांबून, दोन.

मी वहीत दहा लिहिलं आणि खाली लाल शाईनं सही ठोकली.

"सोमवारी भट्टीच्या तोंडाशी मी उभी राहते. बघू कोण पेटवतोय!"

सुंदरी नळीशी वाकली. "अण्णा, बाई येत्यात."

बुडबुडे थांबले.

मग एकच आला, लांबलचक, सुस्कारा सोडल्यासारखा.