सारख्या आवाजाच्या दोन मोटारी

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा बरं. समोर टेबलावर एक पाकीट आहे. त्यात तळहाताहून थोडी मोठी एक पट्टी, दोन पिवळ्या मोटारी, दोन चाकं, पुढे टेकू द्यायला एक छोटंसं गरगर फिरणारं चाक, बटण असलेला बॅटरीचा डबा, वायरी आणि मूठभर स्क्रू. हे सगळं नीट जोडलं की आपला रोबो चालू लागतो. आता नाकाशी तापलेल्या कथिलाचा वास आणा, बाहेर श्रावणातली भुरभुर ऐका... झालं? मग तुम्ही पुण्याच्या शनिवार पेठेत, आमोदच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात येऊन पोहोचलात.

दीपमालाही तिथं अशीच पोहोचली होती, पाऊस चुकवायला. ती यवतमाळची. पुण्यात आयटीत नोकरी आणि शनिवार पेठेतच भाड्याची खोली. बरोबर घरमालकांची नात, चौथीतली मुक्ताई. पाऊस थांबेपर्यंत मुक्ताईनं भिंतीवर लटकलेलं रोबोचं पाकीट हेरलं होतं.

"दीपाताई, हे आपण बनवू या!"

आमोदनं पाकीट हातात दिलं नाही. ते उघडलं, काउंटरवर वर्तमानपत्र पसरून एकेक भाग मांडला आणि प्रत्येक मोटार बोटानं फिरवून कानाशी धरली.

"काय करून राहिले तुम्ही?" दीपमालानं विचारलं.

त्यानं काउंटरवरच्या छोट्या पाटीकडे बोट दाखवलं. 'वस्तू इथेच तपासून घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही.'

"अन् केली तर?"

"ऐकून घेतो. चालत नाही."

ती खळखळून हसली. तो हसला नाही, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दीपमालाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

पुढच्याच रविवारी ती मुक्ताई, पाकीट आणि तक्रार घेऊन हजर. "पाकिटावरच्या चित्रात पट्टी काचेसारखी दिसते. आमची बघा, पुठ्ठ्यासारखी तपकिरी!"

आमोदनं पट्टीचा कोपरा नखानं उचकटला आणि सर्रकन कागद सोलला. आतून लख्ख पारदर्शक पट्टी निघाली.

"केळं खाताना काय करता, मॅडम?"

दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका काढणारी दीपमाला चक्क ओशाळली. त्यानं ओरखडा आहे का ते पाहायला पट्टी उजेडाकडे धरली... आणि पट्टीच्या पलीकडे तिचे डोळे होते. पट्टी खाली आलीच नाही.

"आहे का ओरखडा?"

"अं? नाही... म्हणजे बघतोय."

"किती वेळ बघणार?" मुक्ताई कंटाळून म्हणाली.

तो दचकला. मग घाईघाईनं म्हणाला, "मोटारी इथं राहू द्या. बदलून देतो."

"का? वाईट आहेत का?"

"चांगल्या आहेत. तरी राहू द्या."

हे काही दीपमालाला उमगलं नाही. पण मोटारी न्यायला पुन्हा यावं लागणार, हे मात्र उमगलं, आणि तिनं एका शब्दानं हरकत घेतली नाही. पुढे कधी नट हरवायचा, कधी बॅटरीचा डबा सैल व्हायचा. दर रविवारी दुकानात चहाचे दोन कप यायचे, मुक्ताईसाठी बिस्किटं यायची. बोलणं मात्र नट-बोल्टांच्या पुढे सरकत नव्हतं.

मग एका शुक्रवारी कंपनीनं विचारलं, बंगळुरूला जाणार का? सोमवारी कळवायचं होतं. तिथं काम मोठं होतं, पण इथलंही तिच्या आवडीचं होतं. अडत होतं ते एकाच गोष्टीपाशी. त्याच्या मनात काही आहे की नाही? विचारायला ती घाबरणारी नव्हती. पण आधी त्यानं बोलावं, एवढा हट्ट तिला करायचाच होता.

रविवारी तिनं तयार रोबो त्याच्या काउंटरवर ठेवला आणि बटण दाबलं. बिचारा जागच्या जागी गरगर फिरू लागला.

"असं करतोय," ती साळसूदपणे म्हणाली.

आमोदनं रोबो उलटा केला. "हे बघा, दोन मोटारींची तोंडं दोन दिशांना. दोघींना वायरी सारख्याच जोडल्या, तर एक पुढे ओढते, दुसरी मागे. एकीच्या वायरींची अदलाबदल करायची, की दोघी एकाच वाटेनं—"

"पण काल तर सरळ गेला होता!" मुक्ताई मध्येच म्हणाली. "ताईनंच सकाळी वायरी उलट्या लावल्या!"

आता कान लाल व्हायची पाळी दीपमालाची होती. पण आमोदचं लक्ष भलत्याच शब्दावर अडकलं.

"सरळ? अगदी सरळ गेला?"

"स्वयंपाकघरापासून दारापर्यंत. फरशीची रेघ सोडली नाही."

त्याचा चेहरा उजळला. "स्वस्तातल्या मोटारी या. दोन कधी सारख्या पळत नाहीत. गाडी तिरकी जाते."

"मग आमची कशी नाही गेली?" दीपमालानं विचारलं.

"तुमच्यासाठी... खोकंभर फिरवून बघितल्या. कानाला लावून. सारख्या आवाजाची जोडी मिळेपर्यंत. आवाज सारखा, तर वेग सारखा."

"सगळ्यांसाठी करता असं?"

"वेड लागलंय का मला?" तो थबकला. "म्हणजे... हो. लागलंय."

बाहेर एक रिक्षा गेली. दीपमालानं मान वर केली.

"मला बंगळुरूला बोलावलंय. उद्या कळवायचंय."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "काम चांगलं असेल, तर जायला हवं."

"हे दुकानदार बोलला की आमोद?"

"दुकानदार." त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "आमोद म्हणतो, नका जाऊ. तुम्ही आवडता मला. आणि जायचंच ठरलं, तर दर महिन्याला एक रविवार दुकान बंद ठेवून तिकडे येईन."

"दुकान बंद? रविवारी?"

"बंद म्हणजे बंद."

दीपमाला हसली. पहिल्या दिवशी हसली होती तशीच. "नका ठेवू बंद. मी नाही जात. उद्या सांगते त्यांना."

आणि मुक्ताई? तिनं स्क्रूड्रायव्हर उचलून एका मोटारीच्या वायरींची अदलाबदल केली होती. तिनं रोबो दीपमालासमोर ठेवून सोडला. तो काउंटरवरून सरळ, अगदी सरळ आमोदच्या हातात गेला. मग तिनं ती छोटी पाटी उचलली, आमोदच्या छातीशी टेकवून दीपमालाकडे तोंड करून धरली, आणि मोठ्यानं वाचून दाखवली—

"वस्तू इथेच तपासून घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही!"