एकही गुंता नाही

राणीसरकारांनी शिलाई मशीनच्या तेलाची अख्खी बाटली अंगावर सांडून घेतली आणि तशाच जिन्याकडे धूम ठोकली, ती थेट एका अनोळखी माणसाच्या हातात. तो वरच्या घरातल्या मांजरांना आंघोळ घालायला निघाला होता. त्यानं मांजरीच्या त्या तेलकट ध्यानाकडे पाहिलं, मग मागून धापा टाकत आलेल्या तिच्या मालकिणीकडे. तिच्या गळ्यात अजून मापाची टेप होती.

"आधी हिला धुऊ या... तुम्ही पुढचे पाय धरा."

पाय घसरू नयेत म्हणून त्यानं तिच्या न्हाणीघरातल्या टबात टॉवेल अंथरला. कोमट पाणी मगानं हळूहळू ओतलं, तोंडावरून नुसता ओला फडका फिरवला.

"कोण आलंय गं?" मावशीनं आतून विचारलं.

"राणीसरकारांकडे आलेत, मावशी."

तो हसला. "बोलत राहा. तुमचा आवाज ऐकला की शांत होते."

"आणि तुम्ही?"

"मी... मी जरा गडबडतो."

तेव्हापासून दर महिन्याला वर जाता जाता तो डोकावू लागला, कानामागचा, काखेतला गुंता सोडवू लागला. मधले दिवस तिला खायला उठायचे. डावी बाही उजवीकडे जोडली जायची. पण गेल्या खेपेला त्यानं तिच्या हातात कंगवा ठेवला. "रोज विंचरलंत, तर माझी गरजच पडणार नाही."

कसला मेला प्रामाणिकपणा!

तिनं कंगवा खणात टाकला. सहाव्या दिवशी राणीसरकार उडी मारताना कळवळल्या. काखेतले केस ताणले गेले होते. तिला स्वतःची लाज वाटली. एकेक केस बोटांनी सोडवताना ती रडली. त्याला पाहण्यासाठी मुक्या जिवाला छळायचं? त्यापेक्षा तो न आलेला परवडला. मग ती रोज नेमानं विंचरू लागली.

महिना भरला. बेल वाजली.

"वर आलो होतो... म्हटलं, बघून जावं."

त्यानं कानामागं पाहिलं, काखेत पाहिलं, पोटाशी पाहिलं. "एकही गुंता नाही," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. "छान केलंत. निघतो मग."

तो दारापर्यंत गेला.

"वरच्या घराला पंधरा दिवस कुलूप आहे," ती हळूच म्हणाली.

तो वळला नाही. "माहीत आहे."

"मग?"

"मग काय... सकाळपासून तीनदा जिना चढलो. एखादा तरी गुंता असेल, अशी आशा होती."

"कोण आलंय गं?" मावशीनं आतून विचारलं.

तिनं त्याच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"माझ्याकडे आलेत, मावशी."