बोरखडीच्या खदानीवरची पांढरी बाई

"साहेब, लवकर या. माझी मेलेली आई पाहुण्यांना पळवून लावून राहिली म्हणतेत!"

चौकीच्या फोनवर ज्योती होती. बोरखडीच्या तलावाकाठी तिच्या दोन खोल्या आणि खानावळ. हिवाळ्यात पक्षी बघायला लोक मुक्कामी येत. तिची आई जनकाबाई याच तलावात बुडाली होती.

जमादार शंकरसिंग पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. पहाटे फिरायला गेलेला एक पाहुणा घाबरून पळताना पडला, हात मोडून बसला. बाकीच्यांनीही सामान आवरलं. चुलीपाशी भाकरी तशाच झाकलेल्या होत्या.

"काय दिसलं त्यांना?"

"तलावामागच्या जुन्या खदानीच्या कडेला पांढऱ्या लुगड्यातली बाई. आई विहारात जाताना पांढरंच नेसायची. मागं लाल उजेड. अन् हा वास, साहेब. मढ्याचा."

वास खरंच होता. वारं फिरलं की घशात बसत होता.

"तू गेलतीस बघायला?"

"न्हाई. वाटंत उतारा असतोय. आमी बौद्ध, उतारा-बितारा मानत न्हाई. पण आईच असली तर? हाकलायला जाऊ का तिला?" तिनं डोळे पुसले. "हा हिवाळा असाच गेला तर खानावळीला कुलूप लावावं लागंल."

एवढ्यात जमादार आल्याचं ऐकून दोघं आले. फाट्यावरचा रसवंतीवाला वसराम. ज्योतीकडून पळालेले पाहुणे हल्ली त्याच्याच खोल्यांत उतरत. आणि देविदास, शहराच्या घंटागाड्यांचा ठेकेदार. भला माणूस, वसरामचा आणि ज्योतीचा कचराही फुकट नेई. त्याच्या जीपला ताजी लिंबू-मिरची लटकत होती.

चौघं खदानीकडे निघाले. पायवाटेवर लाल चिंधी, कुंकू आणि चार लिंबं मांडलेली. जमादार वाकले. लिंबं पिळून चपटी झालेली होती.

वसरामचा चेहरा उतरला. तो बोरीच्या काट्यांत शिरला, पँट टर्रकन फाटली. जमादारांनीही वळसाच घेतला. वर्दी असली म्हणून काय झालं! ज्योती त्यांच्या मागोमाग आली. देविदास मात्र सगळं ओलांडून सरळ पुढं गेला.

"इकडून या साहेब, ह्या कडंनं बघा. नुसतं पाणी हाय."

"अन् त्या कडंला?"

"तिकडं दरड ढासळती."

तेवढ्यात त्या कडेला काहीतरी हललं. पांढरं. हात वर केल्यासारखं.

"आई!" ज्योती ओरडली.

जमादार चालत राहिले. जवळ गेल्यावर बाई नव्हती. बाभळीला अडकलेलं मांडवाचं फाटकं कापड होतं. खाली खदानीत शहराचा कचरा भरलेला, कोंबड्यांची सडकी आतडी, लग्नातल्या पत्रावळ्या. ढिगाच्या पोटात विस्तव धुमसत होता.

जमादार वळले. "वसराम, लिंबं तुझ्या रसवंतीची?"

"रोज टोपलंभर निघत्यात साहेब! पण मी न्हाई ठेवली!"

"ठाऊक हाय. भुताला पिळलेलं लिंबू कोण देतंय? भीती वाटणारा माणूस कोरं लिंबू आणतो. हा उतारा ज्यानं मांडला, त्याला ह्याची भीतीच न्हवती. तुला होती, तू पँट फाडून घेतलीस. अन् गाडीला लिंबू-मिरची बांधणारा देविदास बिनघोर ओलांडून गेला. काहून? त्यात काही न्हाई हे त्याला माहीत होतं. तुझी लिंबं त्याच्याच घंटागाडीत जातेत."

देविदासनं पायानं एक खडा खदानीत ढकलला.

"कचऱ्याचा डेपो लई लांब हाय साहेब. खदान जवळ पडती. कापड आपोआप अडकलं; लोकच म्हणले, जनकाबाई आली. कोणी जवळ येऊ नये म्हणून मी नुसती लिंबं ठेवली."

"अन् माझ्या खानावळीचा कचरा?" ज्योतीनं विचारलं. "तो बी इथंच?"

"तो बी," देविदास म्हणाला.

जमादारांनी त्याला पुढं घातलं. "उद्यापासून खदान उपसायला लावतो, पोरी. वास जाईल. पाहुणे येतील."

ज्योतीनं काठीनं कापड खाली ओढलं.

"येतील साहेब. पण वास आला की मी खिडकी उघडायची. म्हणायची, आई आली. दिवसभराचं सगळं सांगायची तिला." तिनं हातातल्या कापडाकडं बघितलं. "मी कचऱ्याशी बोलत होते."

ज्योती त्या कापडाची घडी घालत राहिली, आईच्या लुगड्याची घालायची तशी.